काकूंचा बिनक्लचचा गाडा

दापोडीला आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, नवरा कुठल्या कंपनीत आहे हेसुद्धा विचारलं नाही. दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "कडी लावून दाखवा."

आमचे हे पुढे झाले आणि धाडकन कडी लावली.

"तुमी न्हाई. तुमी शिफ्टला जाणार, दार बाई लावणार. बाईंनी लावून दाखवा."

मी मनात म्हटलं, कुठल्या वेड्यांच्या बाजारात येऊन पडलो बाई! पण खोली हवी होती. मी कडी लावली. त्यांनी मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाले, "बोलली. ऱ्हावा खुशाल."

काकांची आणि माझी ओळख ही अशी. सगळी बिऱ्हाडं त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. माणूस दापोडीचाच, पिढ्यानपिढ्यांचा. मोठ्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात सगळा जन्म काढून फोरमन म्हणून घरी बसलेला. बसलेला म्हणजे काय, बसायचा कुठला! उंच, वाळकुडा देह, खाकी हाफपँट, वर पांढरा सदरा. मनगटावर घड्याळ नाही. ते रुमालात गुंडाळून खिशात. कुणी वेळ विचारली की रुमाल सोडायचा, वेळ सांगायची, पुन्हा गुंडाळायचं. तेवढ्यात विचारणाऱ्याची लोकल गेलेली असायची.

त्यांचा देव एकच, खाच. जी वस्तू सरकते, फिरते किंवा मिटते, ती आपल्या जागी बसताना 'खट्' झालीच पाहिजे. कडी असो, छत्री असो, डब्याचं झाकण असो. "खाच बोलली पायजे," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. कुणाची कडी मुकी आहे असं वाटलं की काका कानस घेऊन हजर. विचारायचं वगैरे नाही. मी एकदा न्हाणीघरात होते आणि बाहेरून कानशीचा आवाज! मी आतून ओरडले, "काका, अहो, मी आत आहे!" तर म्हणतात, "असू दे, असू दे, मी भायेरच्या बाजूनंच घासतोय."

लग्नाकार्यालासुद्धा खिशात कानस. एका लग्नात पंगती बसल्या तरी हे मांडवाच्या कडेला घडीच्या खुर्च्यांच्या खिट्ट्या घासत बसले. मुलीच्या बापाला वाटलं, मांडववाल्याचा माणूस. तो खेकसला, "खुर्च्या नंतर, आधी पंगतीत पाणी वाढ!" काका उठले आणि निमूटपणे पाणी वाढायला लागले. काकू समोर पंगतीत बसलेल्या. त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असंच घरी सुदिक वाढत जा."

काकूंची ही तऱ्हा. ठेंगण्या, गोल, हसल्या की डोळे गायब. काकांना गप्प करणारं पृथ्वीच्या पाठीवर हे एकच माणूस. त्यांचं माहेर चाकणकडचं निघोजे. भावांनी बहिणीचा वाटा म्हणून माळावरचा एक तुकडा दिला होता. दिला होता म्हणजे, ज्यात कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं असा चढावरचा मुरूम दिला होता. काकूंनी तिथं सीताफळं लावली. लावली आणि जगवली. दर आठवड्याला सकाळी एसटी पकडायची, भावाच्या घरी चहा घ्यायचा आणि माळ चढून जायचं. संध्याकाळी परत. हंगामात पाटी भरून सीताफळं यायची आणि प्रत्येक बिऱ्हाडाला जायची. मी कोकणातली, फळांच्या बाबतीत नाक वर असलेली बाई. पण ती सीताफळं खाताना मी बोलायची नाही.

आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय. जीव वाचला, वाचा आली, काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागल्या. पण माळ? माळ संपला.

भाऊ चांगले होते बिचारे. त्यांनी एकदा बैलगाडीतून पायथ्यापर्यंत नेलं आणि पुढे चौघांनी खुर्चीत घालून वर उचलून नेलं. काकू परत आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोत्यावानी नेली मला. चौघं हाशहुश करीत व्हते. झाडाखाली बसले तर समदे माझं कवा व्हतंय म्हणून उभे. पुन्यांदा माळाचं नाव काढू नका माझ्याम्होरं."

आणि खरंच, नंतर त्यांनी स्वतः नाव काढलं नाही. त्याचंच मला वाईट वाटायचं. बडबड्या बाईनं एक विषय टाकला की घरात कळतं.

काका त्या दिवशी उंबऱ्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी सायकल काढून गेले, ते रोज जायला लागले. चौथ्या दिवशी अंगणात एक ट्रक आला आणि त्यातून हत्तीएवढी मोडकी गाडी उतरली. पिंपरीकडे कारखाना उभारायला कुणी अमेरिकन साहेब आला होता, त्याची. साहेब गेला, गाडी चिंचेखाली राहिली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. तिला इथे कुणी हात लावत नव्हतं, कारण तिचा गिअरबॉक्स कुणाला कळत नव्हता.

"क्लच न्हाई हिला, पोरी," काका मला म्हणाले. "गिअर आपले आपण बदलते ही. डाव्या पायाला कामच न्हाई." हे असं म्हणाले की जणू अमेरिकेतल्या कुणी काकूंचा पाय डोळ्यापुढे ठेवूनच ती बनवली होती.

मी म्हटलं, "काका, मग ही घेऊन तुम्ही काकूंना माळावर नेणार?"

"मी कशाला नेऊ? मी नेली तर माझ्या टायमाला जाईल आन् माझ्या टायमाला येईल. तिनं एकटीनं जायाचं. वाटंल तवा जायाचं, वाटंल तवर बसायचं."

मी हसले. मला आज त्या हसण्याची लाज वाटते, पण हसले. ज्या बाईला वेणी घालायला मी लागत होते, ती एकटी गाडी हाकत माळ चढणार!

पुढचं वर्षभर आमच्या अंगणात झोप नाही, दुपार नाही, नुसती ठोकाठोकी. गाडीचं धूड कापून इंजिन आणि गिअरबॉक्स काढला. पाइप जोडून सांगाडा केला. लष्कराच्या लिलावातली उंच चाकं आली. दिसायला ते इंजिन लावलेल्या बाजेसारखं दिसत होतं. परदेशात माळरानावर, वाळूत असल्याच गाड्या पळवतात, तिला बग्गी म्हणतात, असं आमच्या ह्यांनी कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं. पण बग्गी म्हटलं की चाळीतल्या बायकांना वरातीची घोड्याची बग्गी आठवायची आणि हसून पुरेवाट व्हायची. काकू म्हणाल्या, "आमचा आपला गाडा." मग गाडाच नाव पडलं. निघोज्याला काकूंच्या भावाच्या गोठ्यात तो ठेवायचा आणि तिथून माळापर्यंत शेतातल्या वाटेनं जायचा. डांबरी रस्त्याचं काम नाही.

इंजिन, चाकं, ब्रेक, सगळं दोन-तीन महिन्यांत झालं. राहिलेलं वर्ष खाल्लं ते गिअरच्या दांड्यानं. क्लच नसला तरी दांडा असतोच. गाडी उभी करायची, मागे घ्यायची, मोकळी सोडायची, पुढे न्यायची आणि अवघड चढाला जोर लावायचा, हे पाच हुकूम माणसानंच द्यायचे. आणि काकूंना तर सगळं एकट्या उजव्या हातानं करायचं. त्याच हातानं स्टिअरिंग, त्याच हातानं दांडा. नजर मात्र वाटेवर.

पहिल्यांदा काकांनी साहेबाच्या गाडीतलाच दांडा ठेवून पाहिला. तो स्टिअरिंगच्या खांबाला होता, बारीक, विणायच्या सुईएवढा. "ह्यो साहेबाच्या बोटांचा. हिला मूठ पायजे," म्हणून काढला. मग विजेच्या दिव्याची पाच बटणं एका फळीवर बसवून आणली, कुठल्याशा गाडीला बटणं असतात म्हणे. काकूंनी ती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "समदी सारखीच लागत्यात. कंचं कंचं?" फळी त्याच दिवशी चुलीत गेली. शेवटी ठरलं की सीटच्या उजव्या अंगाला, मांडीशेजारी, जमिनीतून उभा दांडा घ्यायचा आणि तो पोलादी पट्टीतल्या पाच खाचांतून सरकवायचा.

इथं माझा नंबर लागला. मी काकूंएवढ्याच उंचीची. त्यामुळे मापाला मी! कंपनीतून टायपिंग करून बोटं मोडून आले, पदर खोचून चहा टाकते, तोच हाक यायची, "टायपिस्टबाई, बसा." पाटावर बसवायचे, डावा हात पंचानं बांधायचे आणि लाकडी दांडा हलवायला लावायचे. जाणारे-येणारे बघत उभे. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मी काय मदाऱ्याची माकडीण आहे?" तर शांतपणे म्हणाले, "माकडीण हलती लई. तू जरा गप बस."

पण एक दिवस त्यांनी मला फार चांगला प्रश्न विचारला. "तू टाइप करताना अक्षरं बघत न्हाईस म्हनं. मग बोटांना कसं ठावं, कुटं काय हाय ते?"

मी सांगितलं की बोटं एका ठरलेल्या ओळीवर ठेवायची, तिथून निघायचं आणि तिथेच परत यायचं. अंतर बोटांच्या अंगवळणी पडतं.

ते कितीतरी वेळ माझ्या बोटांकडेच बघत बसले. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलली. मधली खाच सगळ्यात खोल केली, तिथून हात निघणार आणि तिथेच परतणार. तिच्या पुढच्या-मागच्या खाचा वेगवेगळ्या खोलीच्या. मागे जायच्या खाचेला तर आडवा अडसर केला, दांडा आधी मांडीकडे दाबल्याशिवाय तिकडे जाणारच नाही. "चुकून मागं जाता कामा नये. मागं जायाचं तर ठरवून जायाचं." दाराच्या घंटेचं बटण बसवून अशीही सोय केली की दांडा 'उभी' नाहीतर 'मोकळी'त असेल तरच इंजिन चालू होईल. काकू चौथी शिकलेल्या. त्यांच्यासाठी पट्टीवर कोरलं: उ, मा, मो, पु, च. उभी, मागं, मोकळी, पुढं, चढ.

काकूंनी ते असं पाठ केलं की भाजी निवडतानासुद्धा पुटपुटायच्या. डोळ्यांना फडकं बांधून, काका म्हणतील ते अक्षर 'खट्' करून दाखवायच्या. चुकल्या की चाळ ओरडायची, बरोबर आलं की टाळ्या. झटका आल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आता चुकीचं सांगते. चूक काकांची होती आणि ती त्यांच्यासारख्या माणसाकडूनच व्हायची.

दांडा इथे, गिअरबॉक्स तिकडे. मध्ये जोडणी हवी. काकांनी लोखंडी सळई घातली. काकू ओट्यावरून महिनोन् महिने सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, इंजान रबरावर बसवलंय. चालू केलं की सोताच्या अंगानं हलतंय. मग ती सळई न्हाई का वढली जायाची? सायकलच्या ब्रेकासारखी नळीतली तार घाला की."

काकांना तारेचा भयंकर तिटकारा. वर्कशॉपात जन्मभर त्यांनी तारेनं बांधून काम भागवणाऱ्या लोकांना शिव्या घातलेल्या. "तार थकती, तार ताणती. सळई म्हंजी सळई. तू खाचा पाठ कर."

आणि सळई अंगणात चोख चालली. सपाट फरशीवर, मी एकटी आत बसलेली. न चालायला काय झालं?

एका रविवारी गाडा टेम्पोत घालून निघोज्याला नेला. काकू सीटवर बसल्या. स्टिअरिंगला काकांनी एका हातानं फिरवायला मूठ बसवली होती, ती धरली. उ, मो, पु. गाडा निघाला. भाऊ, भावजया, पोरं, सगळे मागे. काका बाजूनं चालत. काकू ताठ बसल्या होत्या आणि मला तर बाई रडूच फुटलं. शेतातली वाट संपली, चढ लागला. पहिल्या बांधावर गाड्याचं एक चाक उचललं, सांगाडा पिळला, आणि इंजिन एकदम मोकाट ओरडलं. गाडा पुढे जाईना. क्षणभर थांबला आणि मागे घसरायला लागला.

काकूंनी ब्रेक दाबला होता. चाकं थांबली, पण मुरमावरून तशीच घसरत आली. काका मागच्या बाजूला धावले, हातानं अडवायला! एवढं धूड हातानं! ते उताणे पडले, नशिबानं बाजूला. गाडा घाणेरीच्या जाळीत जाऊन रुतला. काकूंच्या तोंडावर, हातावर ओरखडेच ओरखडे.

आम्ही पोचेपर्यंत काका उठून तिथे गेले होते. आणि पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "दांड्याला हात लावलास व्हय गं तू?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"मग मोकळी कशी झाली? हात लागला असंल तुझा!"

"बगा की. दांडा कुटं हाय ते बगा."

त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. दांडा 'पु'वरच होता, खाचेत घट्ट बसलेला. पण सांगाडा पिळला तेव्हा सळईनं तिकडे गिअरबॉक्स मोकळा केला होता. वर एक, खाली भलतंच. खाच खोटं बोलली होती.

काकांनी दांडा धरला, सोडला, पुन्हा धरला. काकूंकडे पाहिलंच नाही. पाना मागवला, दांडा सोडवला आणि काखोटीला मारला. घरी आल्यावर लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली घड्याळाच्या रुमालात.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. काका कुणाच्या कडीला हात लावेनात. काकू खाचा पुटपुटेनात. दोघं एका घरात, आणि मध्ये ती पेटी. मला हे सहन होईना. माझा स्वभाव मुळातच तापट. आमचे हे म्हणायचे, तू पडू नकोस मध्ये. मी पडले.

"काका," मी म्हटलं, "चूक तुमच्या सळईची. शिक्षा काकूंना कशाला?"

"शिक्षा कसली? जीव गेला असता तिचा."

"तुम्ही घाबरलात म्हणून त्यांनी जन्मभर ओट्यावर बसायचं का?"

"व्हय, घाबारलो!" ते ओरडले. आवाज चिरकला त्यांचा. "त्या झटक्याच्या येळी एकदा घाबारलो, आता दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा न्हाई जमायाचं मला. ती ओट्यावर बसली तर बसली. हाय तर खरी!"

काकू आत होत्या असं आम्हाला वाटत होतं. त्या काठी टेकत दारात आल्या. "गाडा मागं आला तवा न्हाई भ्याले मी," त्या म्हणाल्या. "ब्रेकावर पाय व्हता माझा. तुमी पेटीला कुलूप घातलं तवा भ्याले. म्हणलं, आता आपण ह्यांच्या लेखी सामान झालो."

काका खाली बसले. पायरीवरच. मी तिथून निघून गेले, तेवढी अक्कल होती मला.

दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा बाहेर पडली. संध्याकाळी काका आले ते खांद्यावर नळीतली तार घेऊन. तार म्हणजे अंगठ्याएवढी जाड, क्रेनच्या भंगारातली, ओढली तरी चालणारी आणि ढकलली तरी चालणारी. ती त्यांनी काकूंच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली. "ही चालंल का बग," म्हणाले. एवढंच. चाळीस वर्षांच्या शिव्या त्या माणसानं गिळल्या होत्या. काकूंनी तार वाकवून पाहिली, एका बाजूनं ढकलून पाहिली आणि म्हणाल्या, "चालंल. पर सायलेन्सरपासून लांब घाला, न्हाईतर नळी जळंल."

"व्हय," काका म्हणाले.

जोडणी निघोज्याच्या गोठ्यातच केली. मला ती अजून आठवते, कारण काका तेव्हा बोलत होते ते मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. "आधी तिकडं गिअरबॉक्सला त्याच्या सोताच्या जाग्यावर बसू द्यायाचं. मग हिकडं दांड्याला त्याच्या खाचेत. दोगं निवांत बसले की मगच मधी तार लावायाची. एकाला वढून दुसऱ्याशी जुळवायाचं न्हाई. मी तेच केलं व्हतं. सळई बसंना म्हणून ताणून बसवली व्हती."

मग परीक्षा. एक चाक धोंड्यावर चढवलं. काकूंचा भाऊ, भावजया, मी, आमचे हे, सगळे सांगाड्यावर चढून उड्या मारायला लागलो. इंजिन चालू. काकू सीटवर, दांडा एकेका खाचेत टाकत होत्या. काका बाहेर पालथे पडून गाड्याखाली मान घालून होते, नजर गिअरबॉक्सवर. "पु म्हण!" ते खालून ओरडायचे. "पु!" काकू वरून. "हाय, पु हाय! नाचा अजून!" असं अर्धा तास. माझी पाठ पुढे तीन दिवस धरली होती, पण बॉक्स एकदाही चुकला नाही.

काका उठले. शर्टावर शेण, केसात काडी. काकूंना म्हणाले, "जा."

"तुमी संगं चालत येणार?"

काकांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, यायचं होतं त्यांना. जीव तुटत होता. "न्हाई," म्हणाले. "मी पायथ्याशीच हाय."

काकू गेल्या. बांधाजवळ थांबल्या, दांडा शेवटच्या खाचेत घेतला, 'च'. चाक उचललं, सांगाडा पिळला, आणि गाडा बांध ओलांडून गेला. मग दगडांमधून हेलकावत वर, आणखी वर, आणि माथ्यापलीकडे दिसेनासा झाला. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाजही थांबला.

आम्ही पायथ्याला बसलो. तास झाला, दीड झाला. मला राहवेना. "काका, कुणाला तरी पाठवायचं का?"

"तिनं बोलावलंय का?"

"नाही."

"मग बस."

स्वतः मात्र गवताची एक एक काडी मोडत होते. समोर ढीग झाला होता. दोन तासांनी आवाज आला. गाडा दिसला, हळूहळू उतरत, 'च'मध्येच, जसं शिकवलं होतं तसं. काकूंचा चेहरा उन्हानं लाल झालेला. पदरात चार-पाच सीताफळं. त्या आमच्यापुढे येऊन थांबल्या, 'उ' केलं आणि काकांना म्हणाल्या, "बसा मागं."

सीटमागे पाट्या ठेवायला एक फळी होती. काका म्हणाले, "मी कशाला? मी हाय हितं."

"झाडं बगायला चला."

काका इकडे तिकडे बघायला लागले. काकूंचा भाऊ हसला आणि मला म्हणाला, "दाजी कवा वर आलंच न्हाईत, वैनी. झाडं लावल्यापास्नं एकदा बी न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वर्षभर हा माणूस ज्या माळासाठी मरत होता, तो वर चढून त्यानं कधी पाहिलेलाच नव्हता! चढ किती, दगड केवढे, सगळं मेव्हण्याला विचारून वहीत मांडलेलं. ती इतकी वर्षं एकटी एसटीनं येत होती, एकटी चढत होती, आणि हे वर्कशॉपात, नाहीतर कुणाच्या तरी मशीनपाशी.

"ऱ्हाऊनच गेलं गं," काका म्हणाले. लहान पोरासारखे.

"ऱ्हायलं तर ऱ्हायलं. आता बसा. पाय आत घ्या, दगड लागंल."

ते बसले. मागे तोंड करून, फळीवर, दोन्ही बाजूंचे पाइप घट्ट धरून. काकूंनी गाडा वळवला आणि माळाला लावला. काकांचं तोंड आमच्याकडे होतं, त्यामुळे बांध ओलांडून वर जाईपर्यंत मला त्यांचा चेहरा दिसत राहिला. ते रडत होते, आणि दोन्ही हात पाइपला असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते.